दोरी कुठे तुटली ते आधी बघा

या वेळच्या पत्रांमध्ये चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी करवतीच्या, स्टार्टरबद्दलचे प्रश्न इतके आले, की अख्खं सदर त्यालाच देते आहे. दोरी, दोरी गुंडाळणारी पुली, पुलीला मागे फिरवणारी स्प्रिंग आणि इंजिनाला पकडणारे खटके, एवढाच हा दोरी ओढून इंजिन चालू करायचा कारभार. तो बिघडला की चांगलं इंजिनही कोपऱ्यात पडून राहतं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

ताई, माझ्या चेनसॉची दोरी थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा तुटली. पहिल्यांदा तुटली तेव्हा हाताशी होती ती नायलॉनची दोरी बांधली होती. आता आणखी जाड दोरी घालू का?

जाड दोरी घालू नका. तुटलेले तुकडे फेकले नसतील तर आधी ते हातात घ्या आणि दोरी नेमकी कुठे तुटली ते बघा. नवी दोरी बांधायला फार वेळ लागत नाही, पण जुनी कशाने तुटली ते कळलं नाही तर नवीही तिथेच तुटणार.

हँडलपासून दोन-चार बोटांवर तुटली असेल तर दोष बहुधा दोरी कव्हरमधून बाहेर येते त्या भोकाचा असतो. तिथे प्लास्टिकचा किंवा धातूचा बुश, म्हणजे भोकात बसवलेलं छोटं कडं, असतो. मशीन बंद असताना दोरीचा तोच तुकडा त्या बुशमध्ये बसलेला असतो आणि प्रत्येक ओढीला पहिला हिसका त्यालाच बसतो. बुशच्या आतून बोट फिरवा. एका बाजूला चर पडलेली लागली, तर दोरी त्या चरीच्या कडेवर कापली जाते आहे. दोरी सरळ न ओढता नेहमी एका अंगाला ओढली जाते तेव्हा अशी चर पडते. बुश बदला आणि ओढताना दोरी भोकाच्या सरळ रेषेत येईल असे उभे राहा.

पुलीच्या बाजूच्या गाठीपाशी तुटली असेल तर दोष ओढण्याच्या सवयीचा आहे. दोरी पार शेवटपर्यंत ओढली की सगळा धक्का त्या गाठीवर येतो. इंजिन चालू व्हायला पूर्ण दोरी लागत नाही. शेवटची वीतभर दोरी आत राहू द्या.

आणि मधेच कुठेतरी तुटली असेल, टोक काळं पडलं असेल किंवा वितळल्यासारखं दिसत असेल, तर दोरी आत घासते आहे. पुलीची कड तुटलेली असते, गाठ खाचेतून वर आलेली असते, किंवा दोरी जास्त लांब असल्यामुळे तिचे वेढे पुलीच्या कडेबाहेर येतात आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनावरच्या पंखांच्या चाकाच्या, पंखांना लागतात. तुमचा दुसऱ्यांदाचा अनुभव मला या प्रकारातला वाटतो. घरातली दोरी बहुधा पिळाची असते. ती ताणली जाते, उलगडते आणि गुंडाळताना एकावर एक बसत नाही. स्टार्टरची दोरी विणलेली असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि ती फारशी ताणली जात नाही.

जाडीचं म्हणाल तर बहुतेक चेनसॉंना 3 ते 4.5 मिलिमीटरची दोरी लागते. लहान मशीनला 3 किंवा 3.5, मोठ्या इंजिनाला 4 किंवा 4.5. जुन्या दोरीचा न झिजलेला भाग मोजा आणि तेवढ्याच जाडीची घ्या. अर्धा मिलिमीटर जास्त घेतलीत तरी सगळे वेढे पुलीत मावत नाहीत आणि दोरी बाहेरच लोंबत राहते. लांबी बऱ्याच मशीनना मीटरभर किंवा थोडी कमी लागते, पण जुने तुकडे जोडून मोजणं हेच सगळ्यात खात्रीचं. दोन गाठींत गेलेली दोरी त्यात धरायला विसरू नका.

आता बदलायची कशी. सर्वात आधी स्पार्क प्लगची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाची, टोपी काढा. इंजिन गरम असेल तर थंड होऊ द्या. मग डाव्या बाजूचं कव्हर काढा. बहुतेक मशीनना चार स्क्रू असतात, काहींना तीन. अनेक मोठ्या कंपन्यांच्या मशीनना टॉर्क्सचे म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू असतात आणि त्याला टी 27 चा पाना बरोबर बसतो. भलत्या पान्याने जोर केलात तर स्क्रूचं डोकं गोल होईल आणि दोरी राहील बाजूला, स्क्रू काढण्यातच दिवस जाईल.

दोरी पूर्ण तुटलेली असेल तर स्प्रिंगची चावी, म्हणजे तिच्यात भरलेला ताण, आधीच सुटलेली असते. नुसती झिजली असेल तर मात्र चावी तुम्हाला सोडावी लागेल. दोरी फूटभर बाहेर ओढा, पुली अंगठ्याने दाबून धरा, पुलीच्या कडेला असलेल्या खाचेत दोरी अडकवा आणि पुली हळूहळू मागे फिरू द्या. ती थांबली की वरचा ताण गेला. ही पायरी गाळून थेट पुली धरणारा मधला स्क्रू काढायला जाऊ नका.

नव्या दोरीची दोन्ही टोकं लायटरने वितळवून घ्या, म्हणजे विणकाम सुटणार नाही. वितळलेलं टोक बोटांनी दाबू नका, नायलॉन कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. पान्याच्या दांडीवर लोळवून त्याला टोकदार केलंत तर बारीक भोकातून सहज जातं. पुलीच्या बाजूला साधी गाठ घट्ट आवळून तिच्यासाठी असलेल्या खळग्यात पूर्ण बसवा. बोट फिरवलं तर ती वर लागता कामा नये. हँडलच्या बाजूला आठच्या आकाराची गाठ मारा. साधी गाठ हिसक्यांनी हळूहळू सरकत हँडलच्या भोकातून निघून येते, आठची गाठ तशी सरकत नाही.

मग येते स्प्रिंगला चावी भरण्याची पायरी. ती पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिली आहे, कारण त्या वाचकाला तिची जास्त गरज आहे.

पुली उचलली आणि स्प्रिंग फाडकन बाहेर उडाली. आता ती हातभर लांब मोकळी पट्टी झाली आहे. परत कशी बसवू? आणि बसवल्यावर दोरी पुरती आत जात नाही, ते का?

आधी डोळ्यांचं बोलू. ही स्प्रिंग म्हणजे पोलादाची पातळ पट्टी असते आणि तिच्या कडा धारदार असतात. पुलीची चावी सोडली तरी स्प्रिंग तिच्या घरात दाबून बसवलेली असते, म्हणजे तिच्यात ताण शिल्लक असतोच. म्हणून या कामाला बंद बाजूंचा गॉगल आणि जाड हातमोजे लागतातच. पुढच्या वेळी पुली उचलताना ती सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे हलकी हलवत, स्प्रिंगपासून सोडवत, किंचित उचला. फटीतून स्प्रिंग वर येताना दिसली तर पेचकसने तिला खाली दाबून ठेवा. जुना फडका वर टाकून काम केलंत तर स्प्रिंग सुटली तरी फडक्यातच अडकते.

आता मोकळी झालेली स्प्रिंग नीट तपासा. तिच्या दोन्ही टोकांना वाकवलेले आकडे असतात. बाहेरचा आकडा कव्हरमधल्या खाचेत अडकतो आणि आतला पुलीच्या बुंध्याला. आकडा तुटला असेल तर पट्टी तापवून नवा आकडा वाकवायचा, असा उपाय बरेच जण करतात. मी तो करत नाही. तापवलेल्या जागी पोलादाचा पाणीदारपणा जातो आणि स्प्रिंग त्याच जागी पुन्हा तुटते, तेही काम करताना. नवी स्प्रिंग आणा. ती बहुतेक वेळा तारेच्या कड्यात किंवा डबीत गुंडाळूनच मिळते. ती घरावर ठेवून दाबली की कडं निघतं आणि स्प्रिंग आत बसते. कष्ट वाचतात आणि बोटंही वाचतात.

जुनी स्प्रिंग धड असेल तर हाताने भरता येते. बाहेरचा आकडा कव्हरच्या खाचेत अडकवा. मग बाहेरून आत, एकेक वेढा घराच्या भिंतीला लावत, डाव्या अंगठ्याने बसलेले वेढे दाबून ठेवत, उजव्या हाताने पुढची पट्टी भरत जा. दिशा चुकली तर सगळं वाया. दिशा ओळखायची खूण अशी : दोरी ओढताना पुली ज्या बाजूला फिरते, त्या बाजूला फिरवल्यावर स्प्रिंगचा आतला आकडा पुलीत अडकून वेढे आवळत गेले पाहिजेत. उलट भरली असेल तर पुली आकड्यावरून नुसती सरकेल किंवा स्प्रिंग सैल होईल. मध्येच हात सुटला तर स्प्रिंग पुन्हा उसळेल. उसळली तर तिला पकडायला जाऊ नका. हात मागे घ्या, शांत झाली की पहिल्यापासून सुरुवात करा.

स्प्रिंग बसली की तिच्यावर पातळ तेलाचे थोडे थेंब आणि पुली ज्या खुंट्यावर फिरते त्या खुंट्याला तेलाचं बोट, एवढं पुरे. मग पुली बसवा. ती पूर्ण खाली बसायला हवी. वर राहिली तर आतला आकडा तिच्या बुंध्यात शिरलेला नाही. पुली थोडी इकडेतिकडे फिरवा, आकडा सापडला की ती आपोआप खाली जाते. मग मधला स्क्रू आणि वॉशर, किंवा काही मशीनना असतं ते तारेचं लॉक लावा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोरी पुरती आत जात नाही कारण चावी भरलेली नाही. दोरी गुंडाळून पुली बसवली की स्प्रिंग नुसती विश्रांतीत असते. दोरी पूर्ण आत असतानाही हँडल कव्हरला चिकटून राहावं, एवढा ताण तिच्यात आधीपासून लागतो. तो असा द्यायचा : दोरी बुशमधून बाहेर काढून हँडल बांधलेलं आहे, वेढे पुलीवर आहेत. पुली आणि बुश यांच्यामधल्या दोरीचा एक वळसा आतल्या बाजूला ओढून घ्या आणि तो पुलीच्या कडेच्या खाचेत अडकवा. आता तो वळसा धरून पुली ओढण्याच्या दिशेने फिरवा. काही मशीनना दोन वेढे पुरतात, काहींना सहा लागतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तो धरा. नसेल तर दोनपासून सुरुवात करा. पुली घट्ट धरून वळसा खाचेतून सोडा, हँडल बाहेर ओढून दोरीचा पीळ काढा आणि मग दोरी हाताने आवरत हळूहळू आत जाऊ द्या.

आणि आता तपासणी, जी गाळल्यामुळे कितीतरी स्प्रिंगा मोडतात. दोरी पूर्ण बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. त्या स्थितीत पुली बोटाने ओढण्याच्याच दिशेने आणखी फिरवून बघा. ती किमान अर्धा वेढा तरी फिरली पाहिजे. नाही फिरली, तर दोरी संपायच्या आधीच स्प्रिंग संपते आहे आणि पुढच्याच जोरदार ओढीला ती तुटेल. मग चावीचा एक वेढा कमी करा. उलट हँडल कव्हरपासून लोंबत असेल तर एक वेढा वाढवा. जितका ताण जास्त तितकं चांगलं, असा समज मला वारंवार भेटतो आणि तो स्प्रिंगच्या मुळावर येतो. हँडल सरळ टेकलेलं आणि अर्धा वेढा शिल्लक, या दोन खुणा एकत्र जमल्या की थांबायचं.

दोरी छान ओढली जाते, छान आत जाते, पण इंजिन फिरतच नाही. हाताला जोरच लागत नाही.

तुमची दोरी आणि स्प्रिंग दोन्ही ठीक आहेत, खटके पकडत नाहीत. कव्हर काढलंत की इंजिनाच्या बाजूला पंखांचं चाक दिसेल. ते फ्लायव्हील, काही मिस्त्री त्यालाच मॅग्नेट म्हणतात. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्यावर एक किंवा दोन छोटे खटके असतात आणि प्रत्येकामागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. इंजिन बंद असताना ती स्प्रिंग खटक्याला आत ढकलते आणि पुलीच्या दात्यांत तो अडकतो. इंजिन चालू झालं की फिरण्याच्या वेगामुळेच खटका बाहेर फेकला जातो आणि पुलीला सोडून देतो. म्हणून चालू इंजिनाने दोरी ओढली जात नाही. काही मशीनमध्ये खटके पुलीवरच असतात, पण काम तेच.

भुसा, झाडाचा चीक आणि चेनचं तेल यांचा चिकटा बसला की खटका बाहेरच अडकून राहतो. बोटाने दाबून सोडा. तो टिचकी मारल्यासारखा परत आला पाहिजे. आळसावून आला किंवा आलाच नाही, तर ब्रशने आणि थोड्या पेट्रोलने तो धुऊन काढा, मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी नसेल अशा जागी. नीट वाळू द्या. तिथे ग्रीस भरू नका, ग्रीसमध्ये भुसा बसतो आणि चार दिवसांत पुन्हा तेच. खटक्याच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब पुरतो.

धुतल्यावरही परत येत नसेल तर बारीक स्प्रिंग मोडली आहे किंवा जागेवरून सुटली आहे. खटक्याचं टोक आणि पुलीच्या दात्यांच्या कडाही बघा. दोन्ही गोलाकार झाले असतील तर नुसता खटका बदलून भागणार नाही, पुलीही बदलावी लागेल. नवा खटका झिजलेल्या दात्यावरून घसरतो आणि घसरताना स्वतःही झिजतो.

कव्हर परत लावताना एक काळजी घ्या. नुसतं दाबून स्क्रू आवळले तर पुलीचे दाते खटक्यांवर चढून बसू शकतात. दोरी थोडी बाहेर ओढून धरा, कव्हर जागेवर टेकवा आणि दोरी हळू सोडा. पुली फिरताना खटके दात्यांत आपोआप बसतात. मग स्क्रू लावा.

दोरी ओढलीच जात नाही. दगडासारखी घट्ट. स्टार्टर जाम झाला असेल ना?

असेलही, पण ते गृहीत धरू नका. जोर लावून दोरी तोडायच्या आधी दोष कव्हरमध्ये आहे की इंजिनात, ते ठरवा. प्लगची टोपी काढा, कव्हर सोडवा आणि कव्हर हातात धरून दोरी ओढा. ओढली गेली तर स्टार्टर निर्दोष. नाही ओढली गेली तर दोरी वेढ्यांमधून घसरून पुलीच्या बाजूला अडकली आहे किंवा पुलीत फांदीचा तुकडा गेला आहे.

स्टार्टर निर्दोष असेल तर फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर प्लग काढा आणि पुन्हा फिरवा. आता फिरलं, तर सिलेंडरमध्ये पेट्रोल साचलं होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर जाऊ शकत नव्हता. स्विच बंद ठेवा, चोक उघडा, प्लगचं भोक खाली करून पेट्रोल निथळू द्या. कव्हर लावून प्लगशिवाय दोरी काही वेळा ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा तोंड तिकडे नको आणि प्लगची टोपी त्या भोकापासून लांब हवी.

प्लग काढूनही फिरत नसेल तर पिस्टन सिलेंडरमध्ये धरला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. सायलेन्सर काढून त्या भोकातून आत टॉर्च मारा. पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे दिसले तर बहुधा तेल कमी पडलं आहे. या दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. 50:1 प्रमाण सांगितलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-टी तेल. काही मशीनना 40:1 किंवा 25:1 लागतं. हे काम स्टार्टरचं नाही, आणि ते घरच्या घरी करायला मी सांगणार नाही.

चेन ब्रेक लावल्यामुळे दोरी घट्ट झाली असेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. दोरी ओढताना क्लच पकडलेला नसतो, त्यामुळे चेन थांबलेली असली तरी इंजिन मोकळं फिरतं. उलट चेन ब्रेक लावूनच मशीन चालू करायचं.

ओढताना दोरी मधेच उलटी खेचली जाते आणि हँडल हातातून हिसकावलं जातं. बोटं ठणकतात.

याला दोन कारणं. पहिलं, अर्धवट जोराची ओढ. पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडते आणि इंजिनाला पुढे जाण्याइतका वेग नसतो, म्हणून ते उलटं फिरतं. आधी हँडल सावकाश ओढा. खटके अडकल्याचा जोर हाताला लागला की तिथून एका दमात, ठामपणे ओढा. मशीनला दाब कमी करायचं बटण असेल तर प्रत्येक वेळी दाबा. हँडल बोटांनी धरा, दोरी हाताला गुंडाळू नका, कधीच नाही.

ओढ ठाम असूनही असं होत असेल तर फ्लायव्हीलचा नट तपासून घ्या. तो सैल झाला असेल तर फ्लायव्हील दांड्यावर थोडं सरकतं आणि त्याची जागा धरून ठेवणारी चावी कापली जाते (ही धातूची छोटी चावी, स्प्रिंगला भरायची नव्हे). मग ठिणगी अवेळी पडते. ही चावी काही मशीनमध्ये वेगळी असते, काहींमध्ये फ्लायव्हीलमध्येच ओतलेली. अशा अवस्थेत मशीन ओढत राहू नका, मनगट जाईल.

स्प्रिंग तुटली आहे आणि काम अर्ध्यावर आहे. कव्हर काढून, फ्लायव्हीलच्या नटाला ड्रिल लावून मशीन चालू करता येईल, असं एकाने दाखवलं. करू का?

करू नका. मी हे पोटतिडकीने सांगते आहे. इंजिन पकडलं की त्याचा वेग ड्रिलपेक्षा कितीतरी पुढे जातो, सॉकेट नटावर अडकलेलं राहिलं तर ड्रिल मनगटासकट फिरतं. नटही जास्त आवळला जातो किंवा सुटतो, आणि नट सुटला की वर सांगितलेला फ्लायव्हीलचा घोळ सुरू. शिवाय कव्हर नसताना ते चाक उघडं फिरत असतं. पूर्ण जोरात चेनसॉचं इंजिन मिनिटाला 12,000 च्या पुढे फेरे घेतं. त्या पंखांना बाही लागली तर काय होईल ते लिहायला नको.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते कव्हर फक्त दोरी धरण्यासाठी नसतं. त्याच्या जाळीतून फ्लायव्हीलचे पंख हवा ओढतात आणि कव्हर ती हवा सिलेंडरच्या पातळ पात्यांवर वळवतं. कव्हर काढलंत की थंड हवेची वाट मोडते. म्हणूनच जाळीत भुसा बसलेलं मशीनही गरम होतं. दोरी बदलायला कव्हर काढलंच आहे तर जाळी आणि सिलेंडरची पाती ब्रशने मोकळी करून घ्या.

काम थांबवा, स्प्रिंग आणा.

माझ्या मशीनची दोरी अगदी हलकी ओढली जाते, ओढली की क्षणभर काहीच होत नाही आणि मग इंजिन फिरतं. बिघाड आहे का?

नाही. तुमच्या मशीनमध्ये सोप्या स्टार्टची जोडस्प्रिंग आहे. तुमच्या ओढीने ती आधी भरते आणि मग स्वतः सुटून इंजिन फिरवते. सावकाश ओढणं हीच तिची पद्धत. हा भाग बिघडला तर वरची कृती जशीच्या तशी लावू नका, त्यात दोन स्प्रिंगा असतात आणि दुसरीत साठलेला ताण मोठा असतो. त्या मशीनची पुस्तिका समोर ठेवूनच उघडा, किंवा जाणत्या मिस्त्रीकडे द्या.

वडिलांचं मशीन आता मी वापरणार आहे. स्टार्टर लवकर खराब होऊ नये म्हणून ओढायची योग्य पद्धत सांगाल का?

मशीन सपाट जमिनीवर ठेवा, पात्याला काही टेकलेलं नको. चेन ब्रेक लावा. उजव्या पायाचा पुढचा भाग मागच्या मुठीत घालून मशीन जमिनीशी दाबा, डाव्या हाताने पुढचं हँडल सरळ कोपराने धरा, उजव्या हाताने दोरी ओढा. मशीन हवेत धरून खाली सोडत दोरी ओढायची पद्धत तुम्ही बघितली असेल. तसं करू नका. चालू झालेलं मशीन त्या क्षणी एकाच हातात असतं आणि दोरीही तिरकी ओढली जाते.

दोरी ओढली की हँडल सोडून देऊ नका. हातात धरूनच परत आत न्या. सुटलेलं हँडल कव्हरवर आपटतं, पुली एकदम थांबते आणि धक्का स्प्रिंगच्या आतल्या आकड्याला बसतो. माझ्याकडे तुटून येणाऱ्या स्प्रिंगा बहुतेक त्याच आकड्यापाशी तुटलेल्या असतात.

आणि महिन्यातून एकदा, मशीन थंड असताना प्लगची टोपी काढून दोरी हळूहळू पूर्ण बाहेर काढा आणि उजेडात तिच्यावरून बोटं फिरवा. कुठे धागे उभे राहिलेले लागले, चपटेपणा लागला, तर दोरी तेव्हाच बदला. ती धड असताना बदलली तर जुनी मापाला मिळते, आणि स्प्रिंगची चावी तुम्ही स्वतःच्या हाताने सावकाश सोडलेली असते.